नारायण वामन टिळक : दुरावा आणि ऐक्य

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा विचार बहुधा कवी म्हणून होतो. तथापि आपल्याच समाजातील दुरावा मिटविण्यासाठी त्यांनी जे केले, ते त्यांच्या काव्याइतकेच महत्त्वाचे आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्तपावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाचा पहिला आघात त्यांच्या संसारावर झाला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या अहमदनगरच्या बाजूस येऊन राहिल्या, तेव्हाही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. टिळकांनी धर्मांतरासाठी त्यांच्यावर सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचे मन आपल्या गतीने पालटले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरातला हा अनुभव टिळकांच्या पुढील सार्वजनिक भूमिकेचे बीज मानता येईल.

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे प्रमुख केंद्र होते. तेथील ख्रिस्ती समाजात बहुसंख्य कुटुंबे महार व मांग समाजांतून आलेली होती. जुने जातिभेद चर्चच्या उंबरठ्यावर गळून पडत नव्हते. त्यात पाश्चात्त्य पंथभेदांची भर पडली होती. ज्या वादांशी मराठी माणसाचा काही संबंध नव्हता, त्यांच्या भिंती त्याच्या वाट्यास आल्या होत्या. तिसरी तेढ विदेशी मिशनरी आणि वेतनावर काम करणारे देशी सेवक यांच्यातील होती. पैसा आणि निर्णय एका बाजूस, आज्ञापालन दुसऱ्या बाजूस, अशी ही विषम रचना होती.

टिळकांनी या तिन्ही भेदांवर भाषेचा उपाय योजला. इंग्रजी चालींवरील अनुवादित गीतांच्या जागी त्यांनी अभंग, पदे आणि कीर्तन आणले. वारकरी परंपरेतील एकत्र गाण्याची रीत चर्चमध्ये आल्यामुळे निरनिराळ्या जातींच्या व पंथांच्या उपासकांना एक समाईक वाणी मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन करताना त्यांनी मिशनच्या धोरणावर टीकाही केली.

खरी कसोटी १९१७ साली लागली. मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास गेले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' हा बंधुसंघ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. चर्चचा सभासद कोण, या प्रश्नालाच त्यामुळे धक्का बसला आणि अनेक सहकारी अस्वस्थ झाले. परंतु टिळकांनी स्वतंत्र पंथ काढला नाही. 'ज्ञानोदया'चे संपादनही त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. अवलंबित्व तोडावे, नाते तोडू नये, हा त्यांच्या वर्तनाचा अर्थ होय.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. व्यक्तीच्या प्रभावावर उभ्या राहिलेल्या संस्थेची ही मर्यादा मान्य केली पाहिजे. संघटनात्मक ऐक्य पुढे वाटाघाटींच्या दीर्घ मार्गाने आले आणि १९७० साली नागपूर येथे अनेक पंथांच्या मंडळ्या 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'त एकत्र आल्या. त्याआधी कितीतरी वर्षे मराठी उपासक टिळकांची पदे पंथभेद न पाहता गात होते. करारापूर्वी घडलेले हे ऐक्य त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना विचारात घ्यावे लागते.