एका पर्वताचें दान

कोणा श्रीमंतानें विहीर बांधली, धर्मशाळा उभारली किंवा शाळेस देणगी दिली, असें आपण पुष्कळदां ऐकतों. परंतु पर्वत व त्याच्या सभोंवारचें अरण्य स्वतःच्या पैशानें विकत घेऊन जनतेस अर्पण करणारा दाता विरळा. असे एक गृहस्थ अमेरिकेंत होऊन गेले. त्यांचें नांव पर्सिव्हल बॅक्स्टर. त्यांचें अल्पचरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य कोपऱ्यांत मेन नांवाचें संस्थान आहे. तेथील पोर्टलंड शहरीं ता. २२ नोव्हेंबर १८७६ रोजीं बॅक्स्टर यांचा जन्म झाला. वडील जेम्स बॅक्स्टर हे सधन व्यापारी असून त्यांनीं अनेक वेळां शहराचें मेयरपद भूषविलें व लोकांकरितां उद्यानें करविलीं. सार्वजनिक कार्याचा पहिला धडा पुत्रास असा घरींच मिळाला. १८९८ सालीं पदवीधर होऊन व पुढें हार्वर्ड येथें कायद्याचा अभ्यास करून ते राजकारणांत शिरले.

मेनच्या उत्तर भागांत, निबिड अरण्यांत, कटाडिन नांवाचा सुमारें एक मैल उंचीचा पर्वत आहे. १९२० सालीं बॅक्स्टर मित्रमंडळीसह त्यावर चढून गेले. भोंवतालचें रान बहुतेक कागदाच्या व लांकडाच्या कंपन्यांच्या मालकीचें होतें. हा पर्वत सर्व लोकांचा व्हावा, असा त्यांनीं ध्यास घेतला. विधिमंडळाचे सभासद असतां त्यांनीं खटपट केली. १९२१ सालीं गव्हर्नर झाल्यावरही केली. परंतु कंपन्यांचा विरोध मोठा होता व विधिमंडळानें त्यांची योजना मान्य केली नाहीं. १९२५ सालीं त्यांची कारकीर्द संपली, तरी पर्वत परक्यांच्याच हातीं राहिला.

दुसरा कोणी असता, तर विधिमंडळास दोष देऊन स्वस्थ बसला असता. बॅक्स्टर यांनीं १९३० सालीं पदरचे २५,००० डॉलर मोजून कटाडिनच्या बऱ्याच भागासह सुमारें ६,००० एकर जमीन खरेदी केली व पुढच्याच वर्षीं ती संस्थानास दिली. तेवढ्यावरही ते थांबले नाहींत. एकेका मालकाशीं बोलणें लावून, तुकड्यास तुकडा जोडीत, १९६२ सालापर्यंत त्यांनीं हें वनोद्यान २,००,००० एकरांहून मोठें केलें. दान देतांना मुख्य अट अशी: हें अरण्य सर्वकाळ नैसर्गिक स्थितींत राखावें. त्याच्या रक्षणाकरितां त्यांनीं मोठा निधिही ठेवला. १९४३ सालीं त्यांनीं मॅकवर्थ नांवाचें बेटही दिलें. तेथें पुढें बहिऱ्या मुलांची शाळा झाली.

आज या वनांत २०० मैलांहून अधिक पायवाटा आहेत. दक्षिणेकडील जॉर्जिया संस्थानापासून सुमारें २,२०० मैल चालत येणाऱ्या प्रवाशांची वाट कटाडिनच्या शिखरावर संपते. हिंवाळ्यांत लोक पायांस स्की बांधून बर्फावरून संचार करितात. सायकलस्वारांस रस्ते मोकळे आहेत. गिरिवाटा मात्र पायीं चालणारांच्या.

बॅक्स्टर अविवाहित होते. कुत्र्यांवर त्यांचा फार जीव. १९२३ सालीं त्यांचा गॅरी नांवाचा कुत्रा मेला, तेव्हां त्यांनीं सरकारी भवनावरील निशाण अर्ध्यावर उतरविलें व त्याबद्दल लोकांची टीका सोसली. तरी त्यांच्याच वनांत आज कुत्र्यांस प्रवेश नाहीं. कारण तेथें पहिला मान वन्य पशुपक्ष्यांचा.

ता. १२ जून १९६९ रोजीं, वयाच्या ९२ व्या वर्षीं, ते परलोकवासी झाले. देवानें दिलेल्या धनाचे आपण मालक नसून कारभारी आहों, हें तत्त्व आम्ही पुष्कळदां शिकवितों. या गृहस्थांनीं तें आचरून दाखविलें. बालमित्रांनो, तुमचा एखादा सद्धेतु चारचौघांनीं फेटाळला, तर खचूं नका. आपल्या हातून होईल तेवढें आज करा व उरलेलें उद्यां करा. बॅक्स्टर यांस असें बत्तीस वर्षें करावें लागलें.