धारावीवरून वसईकडे

भाईंदरनजीक चौक येथील धारावी किल्ल्यासमोर, खाडीपलीकडे, वसई आहे. बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी १७३७ मध्ये मोहीम उघडली. ठाणे लवकर हाती आले, वसईवरचे हल्ले मात्र फसले. प्रकृती तोळामासा, थोरल्या बंधूंशी तुलना अटळ. अपयशाचे भय त्यांना शिवलेच नसेल, असे मानणे भाबडेपणाचे होय. पण तटावर पुनःपुन्हा डोके आपटण्याऐवजी त्यांनी भोवतालची ठाणी घेतली : १७३९ च्या आरंभी केळवे-माहीम, तारापूर, मार्चमध्ये धारावी. वसईची सागरी वाट अशी आवळली गेली. पुढे सुरुंग पेरले. त्यांतले काही अवेळी उडून आपलीच माणसे दगावली. तरी वेढा उठला नाही. मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले.