रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

हिस्लॉप कॉलेजाचे नाव नागपुरात सर्वतोमुखी आहे; परंतु ते पाद्रीसाहेब दगड फोडीत हिंडत, हे थोड्यांसच ठाऊक असेल. स्कॉटलंडात १८१७ साली जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले व लवकरच त्यांनी शाळा काढली.

१८५१ साली स्नेही व सहकारी रेव्हरंड रॉबर्ट हंटर यांजसह टाकळीस फिरत असता, काळ्या खडकाच्या दोन थरांमधील मातीत त्यांस गोगलगाईंचे अश्मीभूत शंख आढळले. पुढे फळे व बियाही मिळाल्या. शाळिग्रामात दिसतात ते समुद्रातील अमोनाइट मात्र येथे नव्हते. हे शंख गोड्या पाण्यातले! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस निवाल्यावर येथे तळी साचली होती व नव्या लाव्ह्याखाली ती गाडली गेली, हे आज आपण जाणतो. उभयतांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्र-संस्थेने छापला.

ही जिज्ञासाच अखेर जिवावर बेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, आजच्या मिहानच्या दक्षिणेस असलेल्या टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून बोरीकडे घोड्यावरून परतताना, पुराने फुगलेल्या ओढ्यात ते रात्री बुडाले. शेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चारच दिवस उरले होते. गोंडादी जमातींविषयी त्यांनी लिहून ठेवलेले कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले.