डॉ. अनिता अवचट आणि गर्दचं व्यसन

मुक्तांगणचं नाव तुम्ही ऐकलं असेल; ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता (सुनंदा) अवचट कदाचित ठाऊक नसतील. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकलेल्या अनिताताई येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९८०च्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, शिरली. पती अनिल अवचट त्यावर लिहीत होते. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत दिली आणि १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं.

गर्द बंद केलं की अंग ठणकतं, नाक वाहतं, जुलाब होतात, झोप उडते. व्यसनी मंडळी याला ‘टर्की’ म्हणतात. औषधांनी ती काही दिवसांत आटोक्यात येते. अनिताताईंचं खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. गटात बोलणं, घरच्यांना समजावणं, रुग्णांच्या पत्नींना ‘सहचरी’ गटात एकत्र आणणं. बरे झालेले रुग्णच तिथे कार्यकर्ते झाले. कॅन्सर झाल्यावरही त्या काम करत राहिल्या. १९९७ मध्ये त्या गेल्या.

आता जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळीही उपचारात वापरतात. नांदेड-लातूरला असाल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा. समोरचा डॉक्टर शिकाऊ असला तरी बिचकू नका, त्याच्यामागे वरिष्ठ असतात. किती घेता, कधीपासून, सुई टोचता का, सगळं सांगा. काही आठवडे बंद ठेवून पुन्हा जुनाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन : १४४४६.