नामदार गोखले यांची मते

सभागृहात एखाद्या प्रतिनिधीने कोणते भाषण केले हे पुष्कळांच्या ध्यानात राहते; परंतु प्रस्तावावर मते घेतली जात असता त्याने आपला कौल कोणत्या बाजूस दिला, याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही. आपल्या मराठीत मनातील विचारास आणि सभेत दिलेल्या कौलास ‘मत’ हा एकच शब्द आहे. पण मनातले मत आणि दिलेले मत सर्वदा एकच असते असे नाही. म्हणून ज्या पुरुषाचे नाव महात्मा गांधींचे राजकीय गुरू म्हणून सर्वतोमुखी आहे, त्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांस सादर करताना त्यांनी कायदेमंडळात दिलेली मतेच प्राधान्याने पाहावी, असे आम्ही योजिले आहे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. ते १८७९ साली निवर्तले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली व त्यांतले आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी ते पाठवीत राहिले. स्वतः सात रुपयांत संसार आणि भावाच्या विद्येस आठ, हा हिशेब ज्याने पाहिला, तो पुढे सरकारी अंदाजपत्रकातील आकडे वाचताना त्यांमागची माणसे विसरला नाही, यात नवल ते काय! १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि वकिलीचा किफायतशीर मार्ग सोडून पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद, फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक, ‘सुधारक’ पत्राच्या इंग्रजी भागाचे लेखक, अशा नात्यांनी त्यांनी १९०२ पर्यंतचा काळ घालविला. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून पुष्कळ वर्षे चालले. आमच्यासारख्या शिक्षकास त्यांच्या इतर मोठेपणाहून या पुस्तकाचेच कौतुक अंमळ अधिक वाटते.

१८९९ साली ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात गेले. तेथील त्यांच्या एका कृतीविषयी आमचे मन आजही दुभंगते. १९०१ साली सरकारने जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन कुणब्यास पुन्हा देताना ती गहाण टाकण्याचा वा विकण्याचा हक्क त्यास ठेवू नये, म्हणजे ती सावकाराच्या घशात जाणार नाही, असा सरकारचा दावा होता. गोखले यांचे म्हणणे असे की, जमीन तारण देता येईनाशी झाली तर कुणब्याची पत बुडेल आणि अडीअडचणीस त्यास कोणी दारात उभे करणार नाही. सरकारी बहुमतापुढे युक्तिवाद चालेना, तेव्हा सर फिरोजशहा मेहता यांच्याबरोबर ते सभागृह सोडून बाहेर पडले. आता, वऱ्हाडातील सावकारीचे चटके ज्यांच्या घराण्यांनी सोसले आहेत, त्या आपल्या वाचकांस सरकारची बाजू अगदीच टाकाऊ वाटणार नाही. तथापि कर्जाची दुसरी सोय न करता केवळ गहाणाचा दरवाजा बंद करणे ही अर्धी विद्या होय, आणि एवढ्यापुरते गोखले यांचे म्हणणे बरोबर होते, असे आम्हांस वाटते.

मेहतांच्या जागी ते बड्या लाटसाहेबांच्या, म्हणजे सबंध हिंदुस्थानच्या कायदेमंडळात आले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्या काळच्या नियमांप्रमाणे सभासदांस अंदाजपत्रकावर बोलता येत असे, पण मत देता येत नसे. सरकारच्या तिजोरीत त्या वर्षी सुमारे सात कोटींची शिल्लक होती व अधिकारी तिचे भूषण मानीत होते. ज्या देशाने नुकताच छप्पन्नचा दुष्काळ भोगला, जेथे वऱ्हाडासारख्या काळ्या मातीच्या मुलखातही माणसे अन्नान्न करीत मेली, तेथे ही शिल्लक संपन्नतेची खूण नसून करांच्या जास्तीची खूण आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. तो १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया व १९०७ साली एक रुपया झाला. प्राप्तिकराची माफी वार्षिक पाचशे रुपयांवरून हजार रुपयांवर गेली तीही १९०३ सालीच. हे सर्व एकट्या गोखले यांनी केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; शिल्लक होती म्हणूनच सरकारचा हात सैल सुटला. परंतु मीठ हा गरिबाच्या ताटातील पदार्थ आहे, हा मुद्दा दरसाल न चुकता मांडणारा माणूस तोच होता.

१९०४ सालच्या विद्यापीठ कायद्यास त्यांनी विरोध केला. राजद्रोही सभांच्या बंदीचा १९०७ सालचा कायदा आला, तेव्हा डॉ. रासबिहारी घोष यांच्या जोडीने तेही त्याच्या विरुद्ध उभे राहिले. मात्र १९१० च्या फेब्रुवारीत छापखान्यांकडून जामीनरकमा घेण्याचा वृत्तपत्र कायदा पुढे आला, त्या वेळी त्यांनी विरोधी मत दिले नाही. नाशकास कलेक्टर जॅक्सन यांचा खून होऊन दोन महिनेही लोटले नव्हते. पंडित मदनमोहन मालवीय व भूपेंद्रनाथ बसू यांनी त्या कायद्यास विरोध केला. गोखले यांनी केला नाही. पुढे त्याच कायद्याने देशी पत्रांची जी मुस्कटदाबी झाली, ती पाहता मालवीय व बसू यांचे मत अधिक दूरदृष्टीचे ठरले. गोखले यांच्या चाहत्यांनी हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

१९०९ च्या सुधारणांनी कायदेमंडळ वाढले. आता सभासदांस ठराव मांडता येऊ लागले व त्यांवर मते घेतली जाऊ लागली. परंतु साठ जादा सभासदांपैकी निवडून आलेले सत्तावीसच होते. बाकीचे सरकारनियुक्त, आणि त्यांतही बहुतेक अधिकारी. सरकारने नको म्हटले की ठराव पडलाच म्हणून समजावे. असे असता ठराव मांडावा तरी कशाला? गोखले यांनी या प्रश्नाचे उत्तर बोलून दिले नाही, ठराव मांडून दिले. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीकडे करारबद्ध मजूर पाठविणे थांबवावे, असा ठराव आणला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची ती भरती बंद पडली.

ज्यास आपण गिरमिट म्हणतो, तो करार म्हणजे पाच वर्षांची जवळजवळ गुलामी होती. काम सोडले तर दिवाणी दावा नव्हे, फौजदारी शिक्षा होत असे. मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांत कोकणातील पुष्कळ होती, तेव्हा रत्नागिरीच्या या पुत्रास तो प्रश्न परका नव्हता. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही पद्धत सर्वच वसाहतींपुरती बंद करावी असा ठराव मांडला. ठरावाच्या बाजूने २२ व विरुद्ध ३३ मते पडली. ठराव पडला खरा. पण अधिकारी एका बाजूस आणि देशी लोकमत दुसऱ्या बाजूस, हे चित्र सर्व देशाने पाहिले. मालवीय यांनी १९१६ च्या मार्चमध्ये तोच विषय पुन्हा आणला तेव्हा सरकारने तो मान्य केला.

यानंतर पंधराच दिवसांनी जे मतदान झाले, ते आमच्या मते गोखले यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे होय. प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा ठराव त्यांनी १९१० च्या मार्चमध्ये मांडला होता व सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर मागे घेतला होता. मग १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयकच आणले. ते वाचले म्हणजे अंकगणिताच्या लेखकाचा हात ओळखू येतो. सक्ती एकदम सर्वत्र नव्हती. जेथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच काही मर्यादेपर्यंत पोचले असेल (त्यांनी स्वतः मुलांत शेकडा ३३ सुचविले होते), तेथेच आणि तेही नगरपालिकेने वा जिल्हा बोर्डाने इच्छा दर्शविली तरच ती लागू व्हावयाची. वय सहा ते दहा. मुलींस ती पुढे लागू करण्यास वाव ठेवला होता. ज्याचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्या मुलास फी नाही. खर्चाचे दोन वाटे सरकारने व एक वाटा स्थानिक संस्थेने उचलावा, अशी त्यांची मागणी होती. १९११ च्या शिरगणतीत देशात लिहितावाचता येणारी माणसे शंभरात जेमतेम सहा भरली होती. उलट बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात व १९०६ साली सबंध राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केलेले होते. देशी राजास जे साधते ते एवढ्या बलाढ्य सरकारास का साधू नये, हा प्रश्न बिनतोड होता.

सरकारतर्फे शिक्षणखात्याचे सभासद सर हारकोर्ट बटलर यांनी विरोध केला. लोकांची मागणी नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, स्थानिक संस्था कर बसविण्यास तयार नाहीत, अशी कारणे पुढे करण्यात आली. मुले शाळेत गेली तर शेतातले काम कोण करील, हाही आक्षेप होताच. हा आक्षेप मात्र हसून उडविण्याजोगा नव्हे. मालेगाव तालुक्यात कापसाची वेचणी आणि सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की हजेरीपत्रकात गैरहजेरीच्या खुणा कशा दाटतात, हे येथे नोकरी केलेल्या कोणत्याही शिक्षकास विचारावे. आईबाप वाईट नसतात. दिवसाची मजुरी त्यांना सोडवत नाही. फीमाफीचे कलम घालणाऱ्या गोखले यांस ही अडचण कळत होती.

१९ मार्च १९१२ रोजी विधेयक चिकित्सक समितीकडे पाठविण्याच्या प्रस्तावावर मते घेतली गेली. बाजूने १३, विरुद्ध ३८. वाचकांनी क्षणभर या आकड्यापाशी थांबावे. पंधरा दिवसांपूर्वी गोखले यांच्या मागे बावीस मते होती. आता तेराच उरली. अधिकारी तर विरुद्ध जाणारच होते, पण कमी झालेली नऊ मते अधिकाऱ्यांची नव्हती. परदेशच्या मळ्यांवर राबणाऱ्या मजुरासाठी मत देताना येथल्या कोणाचे काही जात नव्हते. आपल्याच गावच्या कुळाचा मुलगा पाटी घेऊन शाळेत बसला, तर ज्यांचे काही जाणार होते, असे जमीनदार सभासद त्या दिवशी सरकारच्या बाजूस गेले. ज्या ज्ञातींत पिढीजात अक्षरओळख नव्हती, त्यांचे कितीतरी नुकसान या एका मतदानाने झाले. आणि ज्ञातिसंस्थांनी वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांच्या द्वारे पुढे जे काम अंगावर घेतले, ते याच तुटीची भरपाई करण्याचे होते.

आपल्या वऱ्हाडापुरते एक सांगावयाचे राहिले. हा मुलूख कागदोपत्री निजामाचा होता व १९०२ च्या करारान्वये इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने आलेला होता. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. विधेयक संमत झाले असते तरी मालेगावच्या मुलास आणखी एका हुकमाची वाट पाहावी लागली असती.

त्यानंतर गोखले दक्षिण आफ्रिकेस जाऊन आले, सरकारी नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगावर त्यांनी काम केले, ‘सर’ ही पदवी नाकारली. मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ते वारले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली नगरपालिकांच्या हद्दीत सक्तीचा कायदा झाला. मध्यप्रांतात तसा कायदा १९२० साली आला. राज्यघटनेच्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने २००२ साली शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला व त्यावरचा कायदा १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींस लागू झाला. गोखले यांनी मागितली होती ती चारच वर्षे, आणि तीही जेथे तिसरा हिस्सा मुलगे शाळेत आधीच जात असतील तेथे.