मेक्सिकोच्या भिंतीवरील मराठी माणूस

लॅटिन अमेरिका म्हटले की लष्करी बंडे आणि हुकूमशहा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येतात. त्या भूभागाच्या इतिहासात एका मराठी माणसाचाही वाटा आहे, याचे स्मरण फारच थोड्यांना असेल. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराने रंगविलेल्या एका चित्रात कष्टकऱ्यांच्या पंगतीत भाकरी मोडणारा पुरुष दिसतो. ते आहेत डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

1884 मध्ये जन्मलेले वर्ध्याचे खानखोजे टिळकयुगाचे अपत्य होते. सशस्त्र क्रांतीचे शिक्षण घ्यावे या हेतूने ते जपानमार्गे अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास केला आणि 1913 च्या गदर चळवळीच्या उभारणीत भाग घेतला. पहिल्या महायुद्धात इराणमार्गे हिंदुस्थानावर चालून जाण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. मायदेशाची दारे बंद झालेला हा क्रांतिकारक 1924 मध्ये मेक्सिकोत पोहोचला.

तो देश नुकताच एका वणव्यातून बाहेर पडला होता. पोर्फिरिओ दियास याच्या, 1876 मध्ये सुरू झालेल्या दीर्घ राजवटीत रेल्वे आली, खाणी वाढल्या. परंतु गावोगावच्या सामायिक जमिनी बड्या मळेवाल्यांच्या घशात गेल्या. 1910 मध्ये क्रांतीचा भडका उडाला. जमीन मागणाऱ्या शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो सपाता 1919 मध्ये दगलबाजीने मारला गेला. तत्पूर्वी 1917 च्या राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या कलमाने जमिनीवर राष्ट्राचा मूळ हक्क मान्य केला होता. तथापि घटनेतील कलम आणि शेतकऱ्याच्या हातातील नांगर यांतील अंतर कोण मिटविणार?

खानखोजे यांनी नेमक्या याच प्रश्नाला हात घातला. चापिंगो येथील कृषिविद्यालयात अध्यापन करीत असताना त्यांनी मका आणि गव्हाच्या सुधारित वाणांवर संशोधन केले. त्याहून मोलाचे कार्य म्हणजे त्यांनी शेतकऱ्यांसाठी काढलेल्या मोफत शेतीशाळा. जमीन मिळूनही ज्ञान न मिळालेला शेतकरी पुन्हा सावकाराच्याच दारी जातो, हे या शाळांमागचे सूत्र होते. पुढे 1934 ते 1940 या काळात अध्यक्ष लासारो कार्देनास यांनी सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर जमीन वाटली. त्याचे श्रेय खानखोजे यांना देणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र वाटलेली जमीन पिकवावी कशी, या प्रश्नाला ते आधीच भिडले होते. 1992 च्या घटनादुरुस्तीने हे जमीनवाटपच थांबले, ही गोष्टही विसरता येत नाही.

खानदेशाला हा इतिहास परका वाटू नये. सावकार आणि बडे जमीनदार यांनी गिळलेल्या जमिनींसाठी शहाद्याच्या भिल्ल बांधवांनी 1972 मध्ये श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली आवाज उठविला. आदिवासींच्या जमिनी परत देणारा 1974 चा कायदा झाला. त्याआधी 1961 चा कमाल जमीनधारणा कायदाही झाला होता. कायदे आपल्याकडेही कमी नव्हते. उणीव होती ती कायदा, विद्या आणि संघटना यांना एकत्र बांधणाऱ्या माणसांची.

आणि अशा एका माणसाशी आपण वागलो कसे? स्वतंत्र भारतात परतण्यासाठी खानखोजे यांनी परवानगी मागितली, तेव्हा परकीय सरकारने घातलेल्या जुन्या बंदीमुळे ती आरंभी नाकारण्यात आली! अखेर ते नागपुरास स्थायिक झाले आणि 1967 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. 2022 मध्ये चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु पुतळ्याने ऋण फिटत नाही. शेताच्या बांधापर्यंत पोहोचणारी शाळा हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल. आणि ते उभारण्याची जबाबदारी सरकारइतकीच, चार बुके शिकलेल्या आपणा सर्वांवर आहे.