दादाभाई नौरोजी आणि दरडोई उत्पन्न

शिक्षक-पालकहो, ‘दरडोई उत्पन्न’ मुलांना समजवायचंय? मग दादाभाईंची गोष्ट सांगा. १८२५ साली मुंबईत जन्म. वडील लवकर गेले, आईने शिकवलं. पुढे एल्फिन्स्टनमध्ये ते गणिताचे प्राध्यापक झाले, म्हणजे आपल्यातलेच! १८७० च्या सुमारास त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या वर्षभराच्या उत्पन्नाला लोकसंख्येने भागलं. साधा भागाकार. उत्तर आलं, माणशी वर्षाला २० रुपये. मग त्यांनी तुरुंगांचे सरकारी आकडे तपासले. कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्चच याहून जास्त! आणि २० ही सरासरी बरं का, गरिबाच्या हाती त्याहूनही कमी. देशाचा पैसा इंग्लंडला वाहून जातो, म्हणून ही गरिबी, असं त्यांनी दाखवलं. १८९२ ला ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेल्यावरही ते हाच हिशेब मांडत राहिले.